वणवा, विमान आणि सकाळचे दहा

‘यंग मेन अँड फायर’ – लेखक : नॉर्मन मॅक्लेन, युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो प्रेस, १९९२

एप्रिल २०२४ मध्ये नैनितालच्या आसपासचे डोंगर पेटले, तेव्हा वायुदलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर भीमतालच्या तळ्यातून भल्यामोठ्या बादलीने पाणी उचलून नेताना आपण दूरदर्शनवर पाहिले. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २०२३ मध्ये, गोव्यातील म्हादई अभयारण्याच्या परिसरातील वणव्यांवर नौदलाच्या आणि वायुदलाच्या हेलिकॉप्टरांनी असेच पाणी टाकले होते. अशी दृश्ये पाहून आलेली मुले वर्गात एक प्रश्न हमखास विचारतात : हेलिकॉप्टर आहे, तर मग दर वर्षी डोंगर जळतातच का? प्रश्न चांगला आहे. ज्वलनाचा त्रिकोण फळ्यावर काढून त्याचे उत्तर मिळत नाही. ते शोधू पाहणाऱ्या शिक्षकाला मी गेली काही वर्षे एक जुने इंग्रजी पुस्तक सुचवत आलो आहे. सुचवताना एक तक्रारही सांगतो, आणि ती तक्रार पुस्तकाच्या स्तुतीइतकीच महत्त्वाची आहे असे मला वाटते.

मॅक्लेन हे वैज्ञानिक नव्हते. शिकागो विद्यापीठात ते इंग्रजी साहित्य शिकवत. लहानपण मोंटानात गेलेले. पोरवयात त्यांनी तिथल्या वनखात्यात कामही केले होते. निवृत्तीनंतर, सत्तरी उलटल्यावर, त्यांनी एका वणव्याचा तपास हाती घेतला. १९९० मध्ये ते वारले तेव्हा हस्तलिखित अपुरे होते; प्रकाशकांनी ते सिद्ध करून दोन वर्षांनी छापले.

तो वणवा ५ ऑगस्ट १९४९ चा. ठिकाण मोंटाना राज्यातील हेलेनाजवळची, मिसुरी नदीला मिळणारी एक अरुंद घळ. नाव मॅन गल्च. विजेमुळे लागलेली आग विझवण्यासाठी दुपारी चारच्या सुमारास एका डाकोटा विमानातून पंधरा तरुणांनी पॅराशूटने उड्या मारल्या. यांना स्मोकजंपर म्हणतात. खाली एक वनरक्षक त्यांना येऊन मिळाला, म्हणजे सोळा झाले. त्यांचा बिनतारी संच उतरवताना त्याचे पॅराशूट उघडलेच नाही आणि तो फुटला. आग समोरच्या दक्षिणेकडील उतारावर होती. नायक वॅग्नर डॉज आपल्या माणसांना घेऊन उत्तरेकडच्या उताराने नदीकडे निघाला. नदीशी पोहोचले की पाठीशी पाणी राहील हा हिशेब. पण मधल्या वेळात ठिणग्या उडून घळीच्या तोंडाशी आग अलीकडच्या बाजूला आली होती. पावणेसहाच्या सुमारास डॉजला ती दीड-दोनशे यार्डांवर दिसली आणि त्याने सर्वांना मागे, वर चढाकडे वळवले. पुढच्या दहा-अकरा मिनिटांत शर्यत संपली. तेरा जण मेले. मृतांपैकी एकाच्या घड्याळाचे काटे पाच वाजून छप्पन्न मिनिटांवर थांबलेले सापडले. वाचले ते तिघे : माथ्यावरच्या खडकांच्या फटीतून पलीकडे निसटलेले रमसी आणि सॅली हे दोन पोरगे, आणि स्वतः डॉज.

डॉज कसा वाचला, हे प्रत्येक विज्ञानशिक्षकाने वाचावे. पळता पळता तो थांबला, खिशातून काडी काढली आणि समोरचे गवत पेटवून दिले. ती छोटी आग वर सरकली. मागे जी काळी राख उरली तिच्यात तो शिरला, पाण्याने भिजवलेला रुमाल तोंडावर धरून पालथा पडला. मुख्य आग आली आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली. गरम वाऱ्याच्या झोताने आपल्याला दोन-तीनदा जमिनीवरून उचलले, असे त्याने नंतर सांगितले. आपल्या माणसांना तो हाका मारत होता, पण त्या राखेत कोणी शिरले नाही. मागून आग येत असताना पुढे आग लावणारा नायक वेडा झाला आहे असेच कोणालाही वाटले असते. ज्वलनाच्या त्रिकोणातून ‘इंधन’ ही बाजू काढून घेणे हे आपण परीक्षेत दोन गुणांसाठी लिहून घेतो. इथे एका माणसाने ते मरणाच्या दारात, काही सेकंदांत, आधी कधी न ऐकलेले असताना शोधून काढले.

मॅक्लेन यांचा खरा विषय मात्र डॉज नाही. त्यांना मोजायचे होते : माणसे किती वेगाने धावली, आग किती वेगाने आली, आणि दोन्ही रेषा कुठे मिळाल्या. पुस्तकाचा जीव या मोजणीत आहे. म्हातारपणी ते त्या उतारावर पुन्हा पुन्हा चढले. १९७८ मध्ये तर जिवंत असलेल्या रमसी आणि सॅली यांनाच ते तिथे घेऊन गेले. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार मिळाले म्हणजे काम झाले, असे आपल्याला वाटेल. तसे होत नाही. माणसांची आठवण आणि जमिनीवरचा पुरावा जुळत नाहीत, आणि लेखक एकेका विधानाला टेप लावून पाहतो. साक्षीदाराबद्दल पूर्ण आदर आणि त्याच्या साक्षीबद्दल पूर्ण संशय, हे दोन्ही एकाच वेळी कसे बाळगावे, याचा इतका चांगला पाठ मी विज्ञानाच्या कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही. त्याच ओघात हॅरी गिसबोर्न या वणवा-संशोधकाची हकीकत येते. त्याच १९४९ च्या नोव्हेंबरात, हृदयविकार असूनही, आपली कल्पना तपासायला तो घळीत चढला आणि परतताना तिथेच मरण पावला. मॅक्लेन हे प्रकरण फार संयमाने लिहितात.

मग लेखक मिझुला येथील वणवा प्रयोगशाळेत जातात. तिथे रिचर्ड रॉदरमेल यांनी १९७२ मध्ये आगीच्या पसरण्याचे गणिती प्रारूप मांडले होते. इंधन किती, किती बारीक, किती ओले, वारा किती, चढ किती, यावरून आग मिनिटाला किती सरकेल ते सांगणारे हे समीकरण आजही वापरात आहे. गवताची काडी बारीक. घनफळाच्या मानाने तिचे पृष्ठफळ मोठे, म्हणून ती तासाभरात वाळते आणि क्षणात पेटते. जाड ओंडक्याला तेवढे व्हायला आठवडे लागतात. चढाचे काम आणखी वेगळे. सपाटीवर ज्वाळा सरळ वर जातात आणि त्यांची बरीच उष्णता आकाशाकडे निघून जाते. चढावर ज्वाळा पुढच्या गवताला जवळजवळ टेकतात. प्रारण आणि तापलेली हवा या दोघांमुळे पुढचे गवत आधीच वाळून, तापून तयार असते. रॉदरमेल यांच्या समीकरणात चढाचा वाटा ‘टॅन थीटा’च्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दहावीचा विद्यार्थी हे करून पाहू शकेल : वीस अंशांचा चढ चाळीस अंशांचा झाला तर कोन दुप्पट होतो, पण हा वाटा पाचपटीहून अधिक होतो. मॅन गल्चचा चढ काही ठिकाणी शेकडा ७६, म्हणजे सुमारे सदतीस अंश होता. पुस्तक आल्यानंतर, १९९३ मध्ये, रॉदरमेल यांनी याच शर्यतीवर स्वतंत्र अहवाल लिहिला. शेवटच्या टप्प्यात आग मिनिटाला सुमारे ६०० फूट वेगाने येत होती, असा त्यांचा हिशेब आहे. तो वेग होतो ताशी अकरा किलोमीटर. सपाट रस्त्यावर तरुण माणूस इतके सहज पळेल. कमरेइतक्या वाळल्या गवतातून सदतीस अंशांच्या चढावर नाही. चढ आगीचा वेग वाढवतो आणि माणसाचा कमी करतो. आलेखावरच्या दोन रेषा तिथेच एकमेकींना छेदतात.

आता दोष. पुस्तक लांबले आहे. एकच उतार आपण लेखकाबरोबर इतक्या वेळा चढतो की धाप लागते. ग्रीक शोकांतिका आणि ख्रिस्ती क्रुसाची प्रतिमा यांचा भार काही ठिकाणी इतका होतो की खालचा पुरावा दिसेनासा होतो. समीकरणापाशी आल्यावर लेखक आपले गणित कच्चे असल्याची प्रांजळ कबुली देतात, आणि ती वाचायला गोड वाटते. पण समीकरणात कोणती राशी का आली, हे वाचकाच्या पदरात पडत नाही. साहित्याच्या प्राध्यापकाकडून ही अपेक्षा करू नये, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. ज्याने घड्याळाच्या काट्यांसाठी इतकी वर्षे दिली, त्याच्याकडून दोन पाने चढाच्या कारणमीमांसेसाठीही मागता येतात.

पण माझी खरी तक्रार याहून मोठी आहे. पुस्तकात एक शब्द येतो : ‘दहा वाजेची आग’. विमानातून पाहताना पोरांना ही तशी आग वाटली. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत आटोक्यात येईल अशी. हा धंद्यातला बोलीशब्द म्हणून येतो आणि निघून जातो. आग कशी धावली हे लेखक इंचाइंचाने शोधतात. ती पोरे त्या घळीत का टाकली गेली, या प्रश्नापाशी मात्र ते फारसे थांबत नाहीत. उत्तर त्या शब्दातच होते.

१९१० च्या ऑगस्टमध्ये आयडाहो आणि मोंटानात दोन दिवसांत सुमारे तीस लाख एकर जंगल जळाले, पंच्याऐंशीच्या आसपास माणसे मेली. नव्यानेच स्थापन झालेल्या अमेरिकी वनखात्याच्या मनावर त्याचा कायमचा डाग पडला. १९३५ मध्ये खात्याने नियमच केला : कुठलीही आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती आटोक्यात आलीच पाहिजे. रस्त्यांपासून दूरच्या डोंगरात हे पायी जाऊन शक्य नव्हते. म्हणून १९३९ मध्ये पॅराशूटचे प्रयोग झाले आणि १२ जुलै १९४० रोजी आगीवरची पहिली उडी पडली. विमान त्या नियमाच्या पोटी जन्माला आले, हे लक्षात ठेवले पाहिजे. आणि मॅन गल्चमध्ये नियमाने काय साधले? ती आग अखेर सुमारे साडेचार हजार एकर पसरली. साडेचारशे माणसांना ती आवरायला पाच दिवस लागले.

न्यायाने सांगायचे तर नियम सरसकट मूर्खपणाचा नव्हता. लवकर पोहोचले तर बहुतेक आगी लहान असतानाच विझतात, आणि स्मोकजंपरांनी अशा असंख्य आगी विझवल्या. घोटाळा त्या यशातच आहे. पॉन्डेरोसा पाइनच्या कोरड्या जंगलांत पूर्वी थोड्या-थोड्या वर्षांनी जमिनीलगतची हलकी आग फिरत असे. झाडांच्या वार्षिक वलयांवरचे जळल्याचे व्रण त्याची साक्ष देतात. मूळ रहिवासीही रान जाणूनबुजून जाळत. प्रत्येक आग विझवल्यावर पालापाचोळा, झुडपे, कोवळी दाट झाडी साचत गेली. मग ज्या थोड्या आगी हातून निसटतात त्या नेमक्या सर्वांत कोरड्या, सर्वांत वाऱ्याच्या दिवशीच्या, आणि त्यांना वाढलेले इंधन तयार मिळते. सगळ्या जंगलांना हे लागू नाही. यलोस्टोनसारख्या लॉजपोल पाइनच्या जंगलात मोठ्या आगी मुळातच दीर्घ अंतराने येतात. तरी १९८८ मध्ये तिथे जे झाले ते बोलके आहे : हजारो माणसे, विमाने, हेलिकॉप्टरे कामाला लावूनही उद्यानातील सुमारे आठ लाख एकरांवर आग फिरली, आणि तिचा जोर मोडला तो ११ सप्टेंबरच्या पाऊस-बर्फाने. सकाळी दहाचा नियम खात्याने त्याआधीच, १९७८ मध्ये, सोडून दिला होता. नियम गेला तरी त्याने लावलेली सवय गेली नाही.

आकाशातून पाणी टाकणे म्हणजे काय, याचा हिशेब वर्गातच करून पाहावा. हेलिकॉप्टरच्या बादलीत साडेतीन हजार लिटर पाणी धरू. तीस अंशांचे एक लिटर पाणी उकळून त्याची पूर्ण वाफ व्हायला सुमारे अडीच मेगाज्यूल उष्णता लागते. म्हणजे सगळी बादली मिळून सुमारे ८९०० मेगाज्यूल शोषते. एक किलो वाळले गवत जळताना सुमारे अठरा मेगाज्यूल उष्णता देते. भागाकार केला की उत्तर येते अर्धा टन गवत. चौरस मीटरला अर्धा किलो गवत धरले, तर एक बादली म्हणजे दहा गुंठे. आता मॅन गल्चच्या वेगाने सरकणारी शंभर मीटर रुंद आगीची रेघ घ्या : मिनिटाला ती साडेचार एकर, म्हणजे अठरा बादल्या खाते. हिशेब ढोबळ आहे. सगळी उष्णता शोषावी लागत नाही, गवताचा पृष्ठभाग थंड केला तरी पुरते. उलट टाकलेल्या पाण्यातले कितीतरी वाऱ्यावर उडते किंवा चुकीच्या जागी पडते. पण पटीचा अंदाज येतो.

म्हणून जाणकार लोक ज्वाळेची लांबी पाहतात. चार फुटांपर्यंत हातातल्या अवजारांनी आगीशी झुंजता येते. आठ फुटांपर्यंत बुलडोझर, बंब, विमान उपयोगी पडतात. अकरा फुटांपुढे आगीच्या तोंडाशी काहीही करून फारसा फरक पडत नाही. मोठ्या विमानांतून लाल रंगाचा जो द्रव टाकतात तोही आग विझवण्यासाठी नसतो. त्यात मुख्यतः अमोनियम फॉस्फेट, म्हणजे खतातलेच क्षार असतात. आगीच्या पुढच्या गवता-झाडांवर तो बसवतात, आग मंदावते, आणि तेवढ्या वेळात जमिनीवरची माणसे कुदळ-फावड्याने पट्टा मोकळा करतात. माणसे तिथे नसतील तर तो लाल पट्टा नुसता छायाचित्रापुरता. शिवाय वारा. ७ जानेवारी २०२५ च्या रात्री लॉस एंजेलिस पेटले तेव्हा वाऱ्यामुळे विमाने जमिनीवरच ठेवावी लागली. जेव्हा सर्वांत जास्त गरज, नेमकी तेव्हाच ती नसतात. आणि किंमत केवळ पैशांत नाही. २००२ च्या जून-जुलैत अवघ्या महिन्याभरात अमेरिकेत पाणी-रसायन टाकणारी दोन जुनी विमाने पंख तुटून कोसळली आणि पाच वैमानिक-कर्मचारी मेले.

पुस्तक आल्यानंतर दोनच वर्षांनी, ६ जुलै १९९४ रोजी, कोलोरॅडोत स्टॉर्म किंग डोंगराच्या चढावर पुन्हा चौदा जण तसेच सापडून मेले. त्यांत तीन स्मोकजंपर होते. मॅक्लेन यांच्या मुलाने, जॉन मॅक्लेन यांनी, त्यावर पुस्तक लिहिले आणि वडिलांनी बाजूला ठेवलेले प्रशासनाचे प्रश्न त्यात बरेचसे विचारले. दोन्ही पुस्तके लागोपाठ वाचावीत.

आपल्याकडे हे वाचताना एक सावधगिरी हवी. तिकडची कहाणी ऐकून ‘आग जंगलाला चांगली’ असे मुलांना सांगू नये. सह्याद्रीत अडचण उलटी आहे. तिथे आग फार विरळ झाली. इथे एकच डोंगर वर्षाआड, कधी दर वर्षी जळतो, आणि बहुतेक वेळा माणसाच्या हातून. चांगले गवत येईल या समजुतीने, बांध जाळताना, विडीच्या थोटकाने. कोवळी रोपे वाढायच्या आतच करपतात. इथला उपाय हेलिकॉप्टरच्या कितीतरी आधी, उन्हाळा लागण्यापूर्वी वनखाते काढते ती जाळरेषा. म्हणजे डॉजने जे मिनिटभरात केले तेच शांतपणे, आखून, वेळेवर केलेले. तिचे छायाचित्र कोणी छापत नाही.

दुसरी गोष्ट सहलींची. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातील कुरंगणीच्या गवताळ डोंगरावर पदभ्रमणाला गेलेले लोक वणव्यात सापडले आणि वीसहून अधिक जण मेले. चढ, वाळले गवत, वारा, दुपार : मॅन गल्चची सगळी सामग्री. फेब्रुवारी ते मे या काळात आपल्या किती शाळा मुलांना गवताळ किल्ल्यांवर नेतात, हे शिक्षकांना मी सांगायला नको. अशा सहलीत उतरायच्या दोन वाटा आधी पाहून ठेवणे, खालच्या अंगाला धूर दिसला तर वर न पळता आडवे होऊन उघड्या कातळाकडे, पाण्याकडे किंवा आधीच जळून विझलेल्या काळ्या पट्ट्याकडे जाणे, हे या पुस्तकाचे दीडशे पान वाचून कळते तसे कुठल्या सूचनापत्रकातून कळत नाही.

वर्गात वाचायचे तर पावणेसहा ते सहा या पंधरा मिनिटांचा भाग तेवढा मराठीत सांगून वाचावा, आणि नंतर एक प्रयोग करावा. ओल्या मातीचा थर दिलेली पत्र्याची फळी घेऊन तिच्यात काड्यापेटीच्या काड्या, डोके वर करून, बोटभर अंतराने ओळींत रोवाव्यात. प्रयोग मोकळ्या जागी, वाळूची बादली शेजारी ठेवून, शिक्षकाने स्वतः करावा. फळी सपाट ठेवून खालची ओळ पेटवली तर आग बहुधा एक-दोन ओळींतच अडखळते. मग नव्या काड्या लावून फळीचे एक टोक दोन विटांवर टेकवावे, अंतर तेच ठेवावे, आणि पुन्हा खालूनच पेटवावे. घड्याळ एका मुलाच्या हातात द्यावे. तिसऱ्या खेपेला खालची ओळ पेटवण्याआधी मधल्या दोन ओळी उपटून टाकाव्यात, आणि त्या कुठल्या ते मुलांनाच ठरवू द्यावे.